विजेच्या सायकलीची बॅटरी

पायांनी चालवावयाची सायकल जुनी झाली म्हणजे तिची साखळी सैल पडते, टायर झिजतात, मुठींची रबरे निघून येतात. तथापि तिचे चालणे थांबत नाही. चार थेंब तेल घातले आणि साखळी आवळली की ती पुन्हा धावू लागते. विजेच्या सायकलीचे तसे नाही. तिचा सांगाडा धडधाकट असतो, चाके नीट फिरत असतात, मोटरही निर्दोष असते. आणि तरीही एके दिवशी ती चढावर थबकते. याचे कारण बहुधा एकच असते. तिच्या पोटात जी बॅटरी बसविलेली असते, तिचे आयुष्य सायकलीच्या आयुष्याहून फार थोडे असते. एकाच सायकलीला तिच्या हयातीत अनेक बॅटऱ्या लागतात. ही बॅटरी केव्हा बदलावी, कोणती घ्यावी आणि बदलताना काय जपावे, हे या पाठात पाहावयाचे आहे.

आधी या शब्दाविषयी थोडेसे. आपल्याकडे रात्री वाट दाखविणाऱ्या विजेरीलाच पुष्कळ लोक ‘बॅटरी’ म्हणतात. वस्तुतः बॅटरी म्हणजे तोफांची रांग! अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन याने विद्युत्भार साठविणाऱ्या काचेच्या बरण्या एकमेकींना जोडून त्यांची रांग केली आणि तिला तोफखान्यातले हे नाव दिले. पुढे विद्युत्घटांच्या रांगेलाही तेच नाव चिकटले. मराठीत तिला घटमाला असा अर्थवाही शब्द आहे. परंतु दुकानात जाऊन घटमाला मागाल, तर दुकानदार तुमच्याकडे पाहतच राहील. म्हणून आपणही येथे बॅटरी व सेल हेच शब्द वापरू.

पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. तिच्यात शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडविलेले होते. १८८१ साली ग्युस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर एक तीनचाकी सायकल विजेवर चालवून दाखविली, ती अशाच शिशाच्या बॅटरीच्या बळावर. म्हणजे विजेची सायकल ही काही कालपरवाची नवलाई नव्हे. नवल आहे ते हे, की प्लान्तेच्या बॅटरीचे वंशज आजही आपल्या गावोगावच्या जुन्या विजेच्या सायकलींत मुकाट्याने काम करीत आहेत.

अशी सायकल उघडून पाहिली, तर आसनाखालच्या पेटीत काळ्या रंगाचे, विटेसारखे चार जड ठोकळे एकमेकांना खेटून बसविलेले दिसतात. प्रत्येक ठोकळा १२ व्होल्टचा. त्याच्याही पोटात सहा सेल असतात आणि प्रत्येक सेलचा विद्युत्दाब सुमारे २ व्होल्ट असतो. एका ठोकळ्याचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला, दुसऱ्याचे धन टोक तिसऱ्याच्या ऋण टोकाला, अशी जोडणी केलेली असल्यामुळे चौघांचा दाब एकत्र होऊन ४८ व्होल्ट भरतो. ठोकळ्यावर बहुधा आणखी एक आकडा छापलेला असतो. उदाहरणार्थ, १२ अँपिअर-तास. हा साठ्याचा आकडा. व्होल्ट म्हणजे टाकीतले पाणी किती उंचीवरून पडते ते, आणि अँपिअर-तास म्हणजे टाकीत पाणी किती आहे ते, असे समजावे. दोहोंचा गुणाकार केला, की बॅटरीत साठलेली ऊर्जा वॉट-तासांत मिळते. ४८ गुणिले १२ म्हणजे ५७६ वॉट-तास.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एखादा वृत्तपत्रविक्रेता अशा सायकलीवरून रोज पहाटे अठरा किलोमीटरांची फेरी करतो. अंकांचे गठ्ठे लादलेली त्याची सायकल दर किलोमीटरला २० वॉट-तास ऊर्जा खाते असे धरले, तर एका फेरीस ३६० वॉट-तास लागतात. नव्या बॅटरीला हे सहज पेलते. परंतु काळ लोटतो तसा तिचा साठा घटत जातो. तो निम्म्यावर, म्हणजे २८८ वॉट-तासांवर आला, की सायकल चौदा किलोमीटरांच्या थोडे पुढे जाऊन थांबते. उरलेले सुमारे साडेतीन किलोमीटर त्या गृहस्थाला पायडल मारीत जावे लागते, आणि तेही चार निर्जीव ठोकळ्यांचे पंधरा-सोळा किलो ओझे बरोबर घेऊन! वृत्तपत्र उशिरा पोचले, की घरोघरची बोलणी. दोन गिऱ्हाइके सुटली, की महिन्याच्या मिळकतीला खोट. आपल्याला क्षुल्लक वाटणारी ही बॅटरी अनेकांच्या संसाराचा एक खांब असते, हे ध्यानात ठेवावे.

बॅटरीचा साठा घटतो तरी कशाने? तिच्यातील धन पट्टी शिशाच्या ऑक्साइडची व ऋण पट्टी सच्छिद्र शिशाची असते. बॅटरी वीज देऊ लागली, म्हणजे गंधकाम्लाशी संयोग होऊन दोन्ही पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक स्फटिक जमतात. चार्जर लावला, की हे स्फटिक विरघळून पट्ट्या पूर्ववत होतात. ही देवघेव ताबडतोब झाली तर ठीक. परंतु रिकामी झालेली बॅटरी तशीच पडू दिली, तर ते स्फटिक वाढून कठीण होतात, पट्टीवर पुटे चढतात आणि मग कितीही चार्जिंग केले तरी ती निघत नाहीत. पावसाळ्यात चिखल म्हणून चार महिने पडवीत उभी करून ठेवलेली सायकल दसऱ्याला काढावी, तो ती हलतच नाही, याचे रहस्य हेच. उष्णतेनेही बॅटरीचे आयुष्य झपाट्याने सरते. तापमान दहा अंशांनी अधिक राहिले, तर शिशाच्या बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. म्हणून वैशाखाच्या उन्हात तापलेली सायकल घरी आणताक्षणीच चार्जिंगला लावू नये. तिला सावलीत थोडी निवू द्यावी.

तथापि सायकल मंदावली म्हणजे बॅटरीच गेली, असा निर्णय घाईने करू नये. पैसे खर्च करण्यापूर्वी फुकट पाहता येण्याजोग्या गोष्टी पाहून घ्याव्या. टायरमध्ये हवा पुरेशी आहे ना? ब्रेकचे रबर चाकाला घासत तर नाही? फ्यूजच्या टोकांवर गंज चढला आहे काय? चार्जर पुरता दाब देतो की नाही, हेही तपासावे. ४८ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर शेवटी सुमारे ५९ व्होल्टपर्यंत चढतो. तो ५० वरच अडकत असेल, तर दोष बॅटरीचा नव्हे, चार्जरचा. आणि चार्जर बॅटरीपेक्षा खूप स्वस्त असतो.

एवढे पाहूनही शंका फिटली नाही, तर मल्टिमीटर घेऊन प्रत्येक ठोकळा वेगळा मोजावा. बॅटरी पूर्ण भरून दोन-चार तास स्वस्थ ठेवली, म्हणजे चांगल्या ठोकळ्याचा दाब सुमारे १२.८ व्होल्ट दिसतो. परंतु विश्रांती घेत असलेला मनुष्य धडधाकट दिसतो. त्याचा कस कामाला लावल्यावर लागतो. तसेच येथे आहे. मागचे चाक अधांतरी ठेवून नुसती मोटर फिरविल्याने भार पडत नाही. सायकलीवर बसून थोडा चढ चढावा आणि दुसऱ्याने त्या वेळी आकडे पाहावेत. तीन ठोकळे १२ च्या आसपास राहिले आणि चौथा साडेदहाच्याही खाली कोसळला, म्हणजे दुखणे नेमके सापडले.

या ठिकाणी कोणालाही सहज वाटेल, की दुखणे एकाचे, तर बदलावा तो एकच. तीन चांगले ठोकळे टाकून का द्यावे? काटकसरी माणसाला हा विचार रास्त वाटतो आणि पुष्कळ दुकानदारही तसे करून देतात. पण त्यात लाभ दिसतो तेवढा नसतो. विहिरीपासून टाकीपर्यंत चार मुलांनी ओळीने उभे राहून घागरी पुढे द्यावयाच्या आहेत, असे समजा. चौघांत जो दमलेला, त्याच्याच गतीने सारी ओळ चालणार. मालेत जोडलेल्या ठोकळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. नवा ठोकळा कितीही भरलेला असला, तरी जुने रिकामे झाले, की त्यांच्यावर उलटा दाब पडू लागतो आणि ते कायमचे बिघडतात. भरतानाही तोच प्रकार. जुन्यांचा साठा लहान म्हणून ते आधी भरतात आणि मग तापू लागतात; नवा मात्र अर्धपोटी राहतो. सहा महिन्यांत दुसरा ठोकळा जातो, मग तिसरा. म्हणून चारही ठोकळे एकाच वेळी, एकाच बनावटीचे व एकाच सुमारास तयार झालेले घ्यावेत. बॅटरी अगदी नवी असताना एखादा ठोकळा मुळातच सदोष निघाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा एक बदलणे योग्यच, आणि तोही दुकानदाराने हमीखाली बदलून द्यावा.

नवी बॅटरी निवडताना दाबाच्या आकड्यात काडीचाही फरक करू नये. ४८ च्या जागी ६० व्होल्टची बॅटरी बसवून सायकल पळवून दाखविणारे हौशी कारागीर असतात. काही दिवस ती पळतेही. परंतु मोटरला वीज मोजून देणारे कंट्रोलर नावाचे यंत्र इतक्या दाबासाठी बनविलेले नसते, ते जळते. शिवाय वेगाचाही प्रश्न आहे. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि वजनादी अटी पाळणारी विजेची दुचाकी मोटार वाहन ठरत नाही. वेग वाढविला, की ही सवलत गेली. आणि पंचवीसच्या वेगासाठी बसविलेले ब्रेक चाळीसला पुरे पडत नाहीत, ते निराळेच. अँपिअर-तासांचा आकडा मात्र थोडा मोठा घेतला तर हरकत नाही. पेटीत तेवढी जागा हवी, इतकेच.

अलीकडे जुन्या सायकलीतील शिशाची बॅटरी काढून तेथे लिथियमची बसविण्याकडे लोकांचा कल वाढला आहे. त्याला कारणही तसेच आहे. आपल्या वृत्तपत्रविक्रेत्याच्या सोळा किलोंच्या बॅटरीइतकीच ऊर्जा देणारी लिथियम बॅटरी चार-पाच किलोंत भागते. शिशाची बॅटरी रोज पुरती रिकामी केली, तर तीनशेच्या आसपास वेळा भरता येते. लिथियमची पाचशे ते हजार वेळा. पहिला खर्च अधिक, पण ती टिकते अधिक. या बॅटरीच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते!

परंतु लिथियमचे सेल शिशासारखे सोशिक नसतात. त्यांच्या एका सेलचा दाब सुमारे ३.६ व्होल्ट; तो ४.२ च्या वर कधीही जाऊ देता कामा नये. ४८ व्होल्टच्या बॅटरीत असे सेल तेराच्या मालेत जोडलेले असतात. तेरा गुणिले ४.२ म्हणजे ५४.६ व्होल्ट ही तिची कमाल मर्यादा. आता मघाशी सांगितलेला आकडा आठवा. शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर किती व्होल्टपर्यंत चढतो? सुमारे ५९! म्हणजे नवी लिथियम बॅटरी आणून तिला घरातलाच जुना चार्जर लावला, तर प्रत्येक सेलवर मर्यादेबाहेर दाब येतो. बॅटरीच्या आत सेलांवर देखरेख करणारा एक विद्युत्फलक असतो. तो अशा वेळी प्रवाह तोडतो. पण तो पहारेकरी आहे, आणि पहारेकऱ्याच्या भरवशावर कोणी दार उघडे टाकून झोपत नाही. बॅटरी बदलली, की चार्जरही तिच्याच जोडीचा घ्यावयाचा, यात तडजोड नाही. जुना चार्जर त्याच दिवशी घराबाहेर काढावा. नाही तर घाईच्या वेळी कोणीतरी तोच लावतो.

लिथियमचा सेल फार तापला, तर त्याच्या आतल्या द्रव्यांतूनच उष्णता, ज्वालाग्राही वायू आणि प्राणवायूही निर्माण होऊ लागतो. एक सेल पेटला की शेजारचा पेटतो. मग ही आग वाळू टाकून किंवा फडके झाकून विझत नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर अशीच पेटली होती. त्यानंतर केंद्र सरकारने विजेच्या दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी अधिक कडक चाचण्या लागू केल्या. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत १८ माणसे दगावली. त्याच वर्षी तेथे प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्यांच्या सायकली विकण्यास बंदी करण्यात आली. ज्या बॅटरीवर उत्पादकाचे नाव नाही, जी जुन्या सेलांची जोडाजोड करून बनविलेली आहे, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. जिन्याखाली किंवा घराच्या एकमेव दारापाशी चार्जिंग करू नये, कारण आग लागल्यास बाहेर पडावयाची वाट तीच असते. बॅटरी फुगली, तिला उग्र वास येऊ लागला किंवा ती फुसफुसू लागली, तर तिला हात न लावता सर्वांनी घराबाहेर पडावे आणि १०१ या क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे.

आणखी एक बारीकशी अडचण येते, तिचाही उल्लेख करावयास हवा. जुन्या सायकलीच्या मुठीजवळचे दिवे शिशाच्या दाबाच्या हिशोबाने लावलेले असतात. लिथियमचा दाब निराळ्या चालीने उतरतो. पुष्कळ वेळ तो जवळजवळ स्थिर राहतो आणि शेवटी एकदम घसरतो. त्यामुळे दिवे ‘अजून पुष्कळ आहे’ असे सांगत असतानाच बॅटरी संपू शकते. अशा सायकलस्वाराने दिव्यांपेक्षा किलोमीटरांवर विश्वास ठेवावा.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम मोठ्या, जाणत्या माणसाचे आहे. तुम्ही जवळ उभे राहून पाहा, टिपून ठेवा, हवे तर कागदावर तारांची आकृती काढून द्या. ती मदत मोठीच आहे. कारागीर प्रथम चार्जर काढतो आणि किल्ली बंद करून ती खिशात टाकतो. हातातली अंगठी, कडे, घड्याळ उतरवून ठेवतो. पान्याची मूठ व दांडा चिकटपट्टीने गुंडाळतो, कारण उघडा पाना चुकून दोन टोकांवर एकदम टेकला, तर क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह वाहून लोखंड लाल होते व हात भाजतो. ४८ व्होल्टचा झटका सहसा जीवघेणा नसतो. येथे भय आहे ते भाजण्याचे. नंतर तो जुन्या जोडणीचे छायाचित्र घेतो. तारा एकेक करून सोडवाव्या आणि सोडविलेले प्रत्येक टोक लगेच चिकटपट्टीने झाकावे. नवे ठोकळे बसविताना त्यांच्यामध्ये स्पंजाचे पातळ तुकडे घालून त्यांना पट्ट्याने घट्ट आवळावे. आपल्या रस्त्यांवरील खड्ड्यांनी सैल बॅटरीची टोके तुटतात. सर्व ठोकळे मालेत जोडून झाले, म्हणजे कंट्रोलरला जोडण्यापूर्वी एकदा पूर्ण माला मोजावी. ५० व्होल्टच्या वर आकडा आला, की जोडणी बरोबर. तो ३७-३८ दिसला, तर एक ठोकळा मालेबाहेर राहिला आहे. २५ दिसला, तर एक ठोकळा उलटा जोडला गेला आहे: तिघांचे अडतीस, त्यातून उलट्याचे तेरा वजा! बेरीज-वजाबाकीचा असा सुरेख उपयोग वर्गाबाहेर क्वचितच दिसतो.

शेवटी धन तार धनाला आणि ऋण तार ऋणाला जोडावयाची. ही अदलाबदल झाली, तर कंट्रोलर तत्क्षणी जळतो आणि दुसरी संधी मिळत नाही. अगदी शेवटचे टोक टेकविताना बारीकशी ठिणगी उडते. तिला घाबरावयाचे कारण नाही. कंट्रोलरमधील विद्युत्धारक त्या क्षणी भरत असतात. मग बॅटरी एकदा पूर्ण भरून घ्यावी आणि पहिली फेरी घराजवळच करावी.

राहता राहिले ते जुने चार ठोकळे. त्यांत काही किलो शिसे आणि गंधकाम्ल आहे. शिसे हे मोलाचे द्रव्य असल्यामुळे नवी बॅटरी विकणारा दुकानदार जुनी परत घेऊन किंमत कमी करतो. भंगारवाला कधी कधी त्याहून दोन पैसे अधिक देऊ करतो. ते दोन पैसे कोठून येतात, हे पाहावे. असे पुष्कळ ठोकळे परसात कुऱ्हाडीने फोडले जातात, आम्ल मातीत ओतले जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळविले जाते. त्या धुराची व धुळीची पुटे अंगणात बसतात आणि तेथे खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. सेनेगल देशातील डकार शहराजवळच्या थियारॉय येथे अशाच उद्योगामुळे २००७ च्या अखेरीस व २००८ च्या आरंभी काही महिन्यांत १८ मुले मरण पावली. जी जगतात, त्यांच्याही मेंदूच्या वाढीला शिसे बाधते. आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम २००१ सालापासून होते. २०२२ च्या नव्या नियमांनी लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

म्हणून जुने ठोकळे टोके झाकून, उभेच ठेवून, दुकानदाराकडे पोचवावे आणि पावती घ्यावी. तेथून ते परवाना असलेल्या कारखान्यात जातात. तेथे बंद यंत्रांत त्यांचे तुकडे होतात, प्लॅस्टिक धुऊन वेगळे निघते, आम्ल निर्धोक केले जाते आणि शिसे वितळवून त्याच्या चकचकीत लाद्या पाडल्या जातात. या लाद्यांपासून पुन्हा नव्या बॅटरीच्या पट्ट्या ओततात. तेव्हा आपल्या वृत्तपत्रविक्रेत्याने आज आणलेल्या नव्या ठोकळ्यांतही कोण्या जुन्या सायकलीचे किंवा ट्रॅक्टरचे शिसे असण्याचा संभव पुष्कळच आहे.